गोव्यात बसून जीवरसायनातलं संयुक्त संशोधन : एका पीएचडीवालीचा अभिप्राय

आमच्या विभागाच्या माहितीपत्रकात शेवटून दुसऱ्या पानावर एक रंगीत नकाशा आहे. मधोमध विद्यापीठ आणि त्यातून चहूकडे सुटलेले बाण. दोनापावला, वास्को, झुआरीनगर, बांबोळी, जुनं गोवं, मुंबई आणि दोन बाण थेट अरबी समुद्र ओलांडून पलीकडे. खाली ठळक अक्षरांत ‘संयुक्त संशोधनाच्या विपुल संधी’. हा नकाशा पाहून दरवर्षी सावंतवाडी, कुडाळ, बेळगावकडची मुलं मला विचारतात, ‘ताई, तिथं खरंच बाहेर काम करायला मिळतं का, की नुसतं छापलंय?’ प्रत्येकाला फोनवर तेच सांगून कंटाळले, म्हणून हा अभिप्राय. विभागाचं नाव लिहीत नाही. माझा प्रबंध अजून त्यांच्याच टेबलांवरून पुढं सरकायचा आहे.

थोडक्यात सांगायचं तर, मिळतं. पण जवळचे बाण खरे आहेत आणि लांबच्या बाणांना बरीच वळणं आहेत. करारावर किती सह्या झाल्या यापेक्षा समोरच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ तुमचा फोन उचलतो का, यावर सगळं ठरतं.

आधी जवळच्या बाणांबद्दल. एवढ्याशा राज्यात इतक्या वेगवेगळ्या जातीच्या संशोधन संस्था एकमेकींना खेटून असणं हे गोव्याचं खरं भाग्य आहे, आणि त्याची जाहिरात कुणी करत नाही. दोनापावल्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, एनआयओ, १९६६ मध्ये स्थापन झालेली. वास्कोला हेडलँड सड्यावर ध्रुवीय आणि महासागर संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र, जिथून अंटार्क्टिकाच्या मोहिमांची सूत्रं हलतात. थंडीत काम करणाऱ्या एन्झाइमांवर कुणाला काही करायचं असेल तर दार तिथं वाजवायचं. झुआरीनगरला बिट्स पिलानीचं आवार, २००४ पासून. जुन्या गोव्यात एला इथं भारतीय कृषी संशोधन परिषदेची किनारपट्टीची संस्था. आणि बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. पुण्या-मुंबईतही संस्था आहेत, जास्तच आहेत, पण तिथं एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येण्यातच दिवस जातो. इथं सकाळी नमुना पिशवीत घालून कदंब बस पकडायची, तो देऊन जेवणाच्या सुट्टीपर्यंत आपल्या बाकावर परत. जीवरसायनात याला फार किंमत आहे, कारण प्रथिनं वाट बघत नाहीत.

एलाच्या संस्थेचं एक उदाहरण देते. आमच्याकडची एक ज्युनियर कोरगूट भातावर काम करते. खाजण जमिनीत खारं पाणी शिरलं तरी तग धरणारं आपलं जुनं भात. त्याच कोरगुटातून निवड करून त्या संस्थेनं ‘गोवा धान १’ हे वाण काढलं. ही पोरगी रोपांच्या पानांतलं प्रोलिन हे अमिनो आम्ल आणि सोडियम-पोटॅशियमचं प्रमाण मोजते. रोपं वाढवायला जागा, खात्रीचं बियाणं आणि शेतीतलं कळणारा माणूस तिकडे. रसायनं आणि मोजमाप आमच्याकडे. कुणी कुणावर उपकार करत नाही. माझ्या मते हे सगळ्यात निरोगी सहकार्य, आणि गंमत म्हणजे नकाशावर हाच बाण सगळ्यात बारीक काढलाय.

माझं स्वतःचं काम मिठागरांचं. रायबंदरच्या रस्त्याकडेची आगरं किंवा पेडण्यात आगरवाड्याची आगरं उन्हाळ्यात पाहिली असतील, तर मीठ धरायच्या आधी काही वाफ्यांतलं पाणी गुलाबी, विटकरी होतं हे लक्षात आलं असेल. तो रंग मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा, हॅलोआर्किआंचा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आम्ही यांना वाढवतो त्या माध्यमात २५० ग्रॅम असतं. मीठ कमी पडलं की यांचा जीव जातो. पहिल्यांदा येणाऱ्या एमएस्सीच्या मुलांना मी हे मुद्दाम दाखवते. परीक्षानळीच्या तळाशी पेशींचा लाल गोळा असतो, त्यावर साधं ऊर्ध्वपातित पाणी सोडायचं. हलवायचीही गरज नाही. पेशी फुटतात, गोळा विरघळतो आणि बघता बघता नळीत पारदर्शक लाल रंग उरतो, वरून डीएनएमुळे नाकातल्या शेंबडासारखा चिकट. मुलं ‘ई’ करतात, पण विसरत नाहीत.

आता हे सहकार्याच्या अभिप्रायात कशाला? कारण असलं मिठाचं काम घेऊन दुसऱ्याच्या दारात गेलात की ती संस्था खरोखर किती पाण्यात आहे ते लगेच कळतं. या जीवांची प्रथिनं पृष्ठभागावर आम्लधर्मी अमिनो आम्लं घेऊन बसलेली असतात आणि भोवती भरपूर मीठ असेल तेव्हाच नीट घडी धरतात, म्हणजे आपल्या ठरलेल्या आकारात दुमडून राहतात. त्यामुळे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करायच्या नेहमीच्या जेलवर ती आहेत त्यापेक्षा जड दिसतात. माझं एन्झाइम जनुकावरून काढलेल्या वजनापेक्षा बरंच वर थांबत होतं. माझं काम तपासणाऱ्या समितीनं विचारलं, ‘हे नक्की तेच प्रथिन कशावरून?’ प्रश्न रास्त होता. उत्तर मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं नेमकं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावरच मिळणार होतं, आणि तो आमच्या विभागात नाही. म्हणजे एक सहकार्य वस्तुमानासाठी. दुसरं, प्रथिनाची घडी मोजायला वर्तुळाकार द्विवर्णता, ज्याला सगळे ‘सीडी’ म्हणतात, त्यासाठी.

सीडीचं काम गोव्यातच झालं आणि त्याला मी पाचपैकी पाच देईन. तिथल्या तंत्रज्ञ बाईंनी नमुन्याची बाटली उजेडात धरली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘क्लोराइड आहे का यात?’ त्या एका प्रश्नावर माझा जीव भांड्यात पडला. सीडीत ज्या कमी तरंगलांबीला प्रथिनाची घडी दिसते, तिथंच क्लोराइड स्वतः प्रकाश शोषून घेतं. मिठाच्या द्रावणात २०० नॅनोमीटरच्या आसपास नुसता गोंगाट येतो. बाईंनी त्याऐवजी पोटॅशियम फ्लोराइड वापरायला सांगितलं आणि कपाटातून क्वार्ट्झची पातळ कुपी काढली. दोन काचांच्या मध्ये ०.१ मिलिमीटरची जागा. त्यात थेंब सोडायचा, वरून दुसरी काच अलगद सरकवायची, बुडबुडा राहिला तर सगळं पुसून पुन्हा. त्यांनी स्वतः करून दाखवलं, मग माझ्या हातात दिलं आणि खुर्ची मागे ओढून बसल्या. आलेख पडद्यावर उमटू लागला तेव्हा २२२ आणि २०८ नॅनोमीटरजवळचे दोन खड्डे, म्हणजे घडी शाबूत असल्याची खूण, माझ्याआधी त्यांनाच दिसले. मग मीठ उतरत्या क्रमानं घातलेले नमुने आम्ही एकामागून एक चालवले आणि मीठ उतरेल तसे खड्डे सपाट होत गेले. माझ्या प्रबंधातली सगळ्यात चांगली आकृती ती आहे. या बाईंचं नाव कुठल्याही करारात नाही. करारावर सह्या केलेल्या दोन्ही साहेबांना क्लोराइडचं हे माहीत असेल का, याची मला शंका आहे.

रोटरचं प्रकरणही सांगायला हवं. सेंट्रिफ्यूज म्हणजे नमुने गरगर फिरवून वेगळे करणारं यंत्र, आणि रोटर म्हणजे त्यातला नमुने धरून फिरणारा भाग. अॅल्युमिनियमच्या रोटरना मीठ खातं. एक थेंब सांडला आणि पुसला नाही की खड्डे पडतात, आणि जोरात फिरणारा खड्डेवाला रोटर म्हणजे धोकाच. त्यामुळे शेजारच्या प्रयोगशाळेतले अटेंडंट दादा मला दारात बघूनच म्हणायचे, ‘बाय, परत मीठ?’ राग येण्यासारखं काही नव्हतं, ते त्यांच्या यंत्राची काळजी घेत होते. त्यांनी एक जुना रोटर माझ्यासाठी बाजूला काढला, त्यावर पट्टी चिकटवून ‘मीठ’ असं लिहिलं, आणि प्रत्येक वेळी धुऊन, पुसून, उलटा ठेवल्याशिवाय मला सोडलं नाही. नवीन मुलांना माझा सल्ला : दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी प्रोफेसरांना नंतर भेटा, आधी अशा दादांना भेटा.

वस्तुमानाचं काम गोव्याबाहेरच्या एका नावाजलेल्या प्रयोगशाळेत गेलं. तिथं मी एक तारा देते, तोही यंत्र चांगलं होतं म्हणून. आमच्या विभागाचा त्यांच्याशी रीतसर करार होता, समारंभाचा फोटो जिन्यात अजून लावलेला आहे. नमुना पाठवण्याआधीच कळवलं होतं की हे प्रथिन मिठाशिवाय टिकत नाही. उत्तर आलं, एका ओळीचं : मीठविरहित नमुना पाठवा, पाण्याविरुद्ध डायलिसिस करून. म्हणजे नमुना बारीक छिद्रांच्या पिशवीत घालून पाण्यात ठेवायचा, की मीठ बाहेर निघून जातं. मिठानं त्यांच्या यंत्रातलं आयनीकरण, म्हणजे रेणूंवर विद्युतभार चढवणं, दबतं, हे खरंच आहे. पण पाण्याविरुद्ध डायलिसिस केलं की काय होणार तेही मी लिहिलं होतं. त्यांनी नियमावली जोडून परत पाठवली. केलं शेवटी. रात्रीत पिशवीतलं द्रावण पातळ ताकासारखं झालं, सकाळी तळाशी पांढरा साका. तो साका पाठवला. महिनोन्‌महिने काही नाही, मग ‘संकेत मिळाला नाही’ एवढंच.

यावर उपाय नव्हता असंही नाही, मुळीच अवघड नव्हता. घडी टिकवायची गरज सीडीला असते, वस्तुमानाला नसते. ट्रिप्सिन या प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमनं प्रथिनाचे तुकडे करायचे, ते सी-१८ नावाचा चिकटवून ठेवणारा पदार्थ भरलेल्या छोट्या टिपवर धरून ठेवायचे, मीठ धुऊन टाकायचं आणि मग तुकडे सोडवून घ्यायचे. नंतर आमच्या मॅडमच्या, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांच्या, एका जुन्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच झालं. करार नाही, फोटो नाही, एक फोन आणि दोन ईमेल. तुकड्यांतले अमिनो आम्लांचे क्रम जनुकाशी जुळले, समिती गप्प बसली.

हा प्रकार सोडला तर कागदोपत्री बाजूबद्दल आमच्या विभागाला मी बरे गुण देईन, कारण मॅडमनी एक गोष्ट सुरुवातीलाच रेटून करून घेतली : सह-मार्गदर्शकाची रीतसर नोंदणी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएचडी नियमांत दुसऱ्या संस्थेतला सह-मार्गदर्शक घ्यायला मुभा आहे, सक्षम अधिकाऱ्याची मान्यता मात्र लागते. पुष्कळ मुलं ‘सर म्हणालेत बघू’ यावर वर्षानुवर्षं काढतात. नोंदणी झाली की समोरच्या संस्थेत तुमचं ओळखपत्र होतं, प्रवेशद्वारावर रोज वही भरायला लागत नाही, आणि यंत्राच्या वेळापत्रकात तुम्ही ‘बाहेरचे’ राहत नाही. प्रत्येक सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावंच लागतं. त्या समितीत बाहेरच्या सहकाऱ्यालाही बोलवायचा आग्रह धरा. माझ्या सीडीच्या बाईंकडे जायची वाट अशाच एका सादरीकरणातल्या चहाच्या वेळी निघाली.

आता समुद्रापारच्या बाणांबद्दल. ते दिसतात तितके सरळ नाहीत, आणि यात विभागाचा दोष नाही. मिठागरातला लाल गाळ हा कायद्याच्या भाषेत जैविक संसाधन आहे. २००२च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्मजीवही येतात. परदेशी सहकाऱ्याला तो द्यायचा तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. नुसता नमुनाच नाही, त्यावरच्या संशोधनाचे निकाल परदेशी व्यक्तीकडे सोपवायलाही. शोधनिबंध छापणं वेगळं. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मंजूर झालेल्या सहयोगी प्रकल्पांना कलम ५ खाली यातून सूट आहे. म्हणून परदेशी बाणाची चौकशी करताना विमानाच्या तिकिटाचं नंतर विचारा, आधी विचारा : प्रकल्प कलम ५ मध्ये बसवलाय का? उत्तर म्हणून नुसतं हसू मिळालं तर काय समजायचं ते समजा.

माणसांच्या रक्ताचे नमुने असतील तर वेगळीच चौकट. बांबोळीच्या गोमेकॉत अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशावर दक्षिण आशियातल्या मलेरियाच्या उत्क्रांतीचा अभ्यास झाला, वॉशिंग्टन विद्यापीठाबरोबर. रुग्णांच्या रक्तातले परजीवी प्रयोगशाळेत वाढवायचे आणि औषधांना ते कसे वागतात ते बघायचं. गोव्यात जीवरसायन शिकणाऱ्यांसाठी बसच्या अंतरावर आलेलं जागतिक दर्जाचं काम म्हणून मी त्याचं नाव नेहमी घेते. पण अशा कामाला संस्थेच्या नैतिकता समितीबरोबरच आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यताही लागते. तुमच्या पीएचडीची मुदत जास्तीत जास्त सहा वर्षं. परवानगी हातात असलेल्या चालू प्रकल्पात शिरणं आणि परवानगीपासून सुरुवात करणं, यात त्यातलं किती जाईल याचा हिशेब आधी करा.

पैशांचं पटकन सांगते. नेट-जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती असेल तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ शिष्यवृत्तीला, एसआरएफला, ४२,०००, घरभाडं वेगळं. ते नसेल तर मार्गदर्शकाच्या प्रकल्पात जागा आहे का, हे प्रवेशाआधी विचारा, नंतर नाही. यंत्रांसाठी सरकारचं आय-स्टेम नावाचं पोर्टल आहे, २०२० मध्ये सुरू झालेलं. देशभरातल्या संस्थांची यंत्रं तिथून आरक्षित करता येतात. दर परवडतात, फक्त दर भरणारं खातं कुणाचं, ते तुमच्या मॅडमशी ठरवून घ्या. आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं राज्य विद्यापीठांनाही खुली झाली. त्याआधी एक निबंध हवा म्हणून दोनापावल्याच्या मैत्रिणीला रात्री मेसेज करावे लागायचे. सहकार्याचा हाही एक प्रकार होता म्हणायचा. संपला ते बरं झालं.

एमएस्सीवाल्यांना थोडं वेगळं. तुमच्याकडे शेवटच्या सत्राचा प्रबंध एवढाच वेळ असतो, त्यात नवं सहकार्य उभं राहत नाही. ज्या पीएचडीवाल्याचं बाहेरचं काम आधीच चालू आहे त्याच्या शेपटाला बांधून घ्या. किंवा तीन विज्ञान अकादम्या मिळून देतात त्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करा. दोन महिने दुसऱ्याच गावच्या प्रयोगशाळेत काढता येतात. मिठागरांचंच काम करायचं असेल तर मात्र उन्हाळा गोव्यातच काढायला हवा. पाऊस पडला की आगरांत गोडं पाणी भरतं आणि लाल वाफे पुढच्या वर्षापर्यंत मिळत नाहीत. यासाठी कुठलीही समिती मुदतवाढ देत नाही.

शोधनिबंधावर नावांचा क्रम ही सगळ्यात नाजूक बाब, आणि तिच्याबद्दल विभागाच्या माहितीपत्रकात अवाक्षर नाही. आमच्याकडे मॅडमची पद्धत अशी : पहिला नमुना बाहेर जायच्या आधी एक ईमेल जातो. कोण काय करणार, कच्ची आकडेवारी कुणाकडे राहणार, पहिलं नाव कुणाचं, तंत्रज्ञाचं नाव लेखकांत की आभारात. सगळ्यांनी ‘मान्य’ एवढं लिहून उत्तर द्यायचं. पहिल्यांदा मला हे फार कोरडं वाटलं होतं, पाहुण्याच्या घरी जेवायच्या आधी बिल विचारल्यासारखं. पण सीडीच्या बाईंचं नाव आज माझ्या निबंधात लेखकांमध्ये आहे ते त्या ईमेलमुळेच. वरच्या कुणीतरी ते आभारात सरकवायला सुचवलं होतं, मॅडमनी ईमेल पुढे केला, विषय संपला. तुमच्या होणाऱ्या मार्गदर्शकांकडे असा एखादा जुना ईमेल दाखवायला आहे का, हे मुलाखतीत विचारायला लाजू नका.

जाता जाता मुलींसाठी. बाहेरच्या माणसांना यंत्राची वेळ बहुतेक संध्याकाळनंतरची मिळते, कारण दिवसा घरची माणसं बसलेली असतात. होस्टेलच्या वॉर्डनकडून उशिरा यायच्या परवानगीचं पत्र सत्राच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा, शेवटची कदंब किती वाजता ते ड्रायव्हरलाच विचारा, आणि यंत्राची वेळ मागताना तीच वेळ सांगून मागा. देतात.